नववा अर्ज

"पण मॅडम, तुम्हाला मत नाहीये. मत काकांना आहे," असं जितूभाऊ म्हणाला आणि डॉक्टर सुगंधा नाचणकरांच्या हातातली चिवड्याची बशी हातातच राहिली. जितूभाऊ म्हणजे सोसायटीचा चेअरमन, जितेंद्र म्हसकर. पन्नाशीच्या अलीकडचा, सकाळीच आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आलेला, हसरा माणूस. तो काही टोमणा मारत नव्हता. उलट बाईंना वाईट वाटू नये म्हणून आवाज खाली आणून बोलत होता. "एका घराला एक मत. फ्लॅटच्या कागदावर ज्याचं नाव पहिलं, त्याचं. तुमचं नाव दुसरं आहे ना. म्हणजे उभं राहू शकता तुम्ही, काकांनी संमती दिलीय. पण मत… तेवढं नाही." समोरच्या खुर्चीत काका, म्हणजे सुगंधाबाईंचे यजमान आत्माराम, पेपर वाचत होते. तो पेपर जरासुद्धा हलला नाही. बाईंनी बशी टीपॉयवर ठेवली. आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं होतं बाईंनी. प्रौढ मताधिकार, एक माणूस एक मत, हे फळ्यावर लिहून लिहून खडूने बोटांची टोकं कोरडी पडली होती. पीएचडीच्या पोरांना त्यांनी रडवलं होतं, दिल्लीच्या परिसंवादात मोठमोठ्या विद्वानांना भर सभेत तोंडावर पाडलं होतं. आणि शांती नगरातल्या आपल्याच इमारतीत आपल्याला मत नाही, हे त्यांना आज, निवृत्तीनंतर, चिवड्याची बशी हातात असताना कळत होतं. बरं, कळणार तरी कसं? इमारतीत मतदान कधी झालंच नव्हतं. दर पाच वर्षांनी निवडणूक यायची, बिनविरोध व्हायची आणि घरोघर पेढे जायचे. सुगंधाबाईंनीही ते पेढे आवडीने खाल्ले होते.

या खेपेला मात्र बाईंचं डोकं फिरलं ते त्या पेढ्यांवरूनच. पुढच्या महिन्यात पुण्याला मोठा परिसंवाद होता, 'लोकशाहीची उतरण' असा विषय, आणि बीजभाषण सुगंधाबाईंचं. गेले कित्येक दिवस त्या तेच लिहीत बसल्या होत्या. कुठल्या देशात काय झालं, कुणी न्यायालयं कशी वाकवली, कुणी निवडणुका घेत घेतच निवडणुकांतला जीव कसा काढून घेतला, सगळं आकड्यांसकट. त्यात एक वाक्य त्यांना फार साधलं होतं: 'लोकशाही मोडणारी माणसं बहुतेक वेळा दुष्ट नसतात, ती कामसू असतात आणि आपण त्यांचे आभारी असतो.' वाक्य लिहून झाल्यावर त्या स्वतःवरच खूष झाल्या. आत जाऊन कपभर कॉफी केली, आणि ती पीत गॅलरीत उभ्या राहिल्या तर खाली वॉचमनच्या टेबलापाशी वरूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत नोटीस लागलेली. कमिटी सलग पाचव्यांदा बिनविरोध निवडून येणार असल्याबद्दल सर्व सभासदांचे अभिनंदन, रविवारी गच्चीवर स्नेहभोजन. अर्ज भरायची मुदत अजून संपलेली नव्हती! अर्ज यायच्या आधी पेढ्यांची ऑर्डर गेली होती. बाई चप्पल अडकवून खाली उतरल्या ते थेट ऑफिसात, आणि अर्ज मागितला. ऑफिसातला पोऱ्या अर्ज शोधायला लागला तर सापडेना, कारण तो कुणी मागतच नसे. सर्वसाधारण जागा आठ, अर्ज आठ, सगळं ठरलेलं. बाईंचा नववा.

"तक्रार काय आहे ते तरी सांगा, मॅडम," जितूभाऊ म्हणत होता. "लिफ्ट बंद असते का? पाणी कमी पडतं? हिशोबात काही दिसलं का?" नव्हतं, काहीच नव्हतं. खरं बोलायचं तर आख्ख्या मीरा रोडमध्ये एवढी नीट चाललेली सोसायटी दाखवून द्यावी. टँकर वेळेवर, गच्ची गळत नाही, गणपतीच्या वर्गणीवरून कुणाचा तंटाबखेडा नाही. इमारत जुनी झाली होती, पुढच्या पाच वर्षांत ती पाडून नवी बांधायचं चाललं होतं आणि बिल्डर कोण हे नवी कमिटी ठरवणार होती. पण त्यातही जितूभाऊने काही खाल्लं असं म्हणायला बाईंची जीभ रेटली नसती. "तक्रार नाही हो," त्या म्हणाल्या, "कुणीतरी विचारणारं असावं, एवढंच." जितूभाऊ हसला. "मग विचारा की! कमिटीत येऊन विचारा. मी तेच सांगायला आलोय. महिलांच्या राखीव जागेवरची मनाली स्वतःहून माघार घ्यायला तयार आहे. तिच्या जागी तुम्ही. तुमचा हा अर्ज आज पाचपर्यंत काढून घ्या, म्हणजे निवडणूकच नको. बिनविरोध, मानाने आत याल. तुमच्यासारखी विद्वान बाई आमच्यात असेल तर आम्हालाच अभिमान." मग कप खाली ठेवत, दाराकडे जाता जाता, तितक्याच प्रेमाने तो म्हणाला, "आणि काका, तुमची संमती आहे म्हणून अर्ज टिकलाय हां. तुम्ही नको म्हणालात तर तोही प्रश्न मिटला. बघा, दोघं मिळून ठरवा. घरातलंच आहे सगळं."

दार लागलं. पेपरामागून आत्माराम म्हणाले, "बरोबर बोलतोय तो." सुगंधाबाई उठल्या. त्या गॅलरीत गेल्या, वाळत घातलेले टॉवेल उगाच उलटे केले, परत आल्या, लॅपटॉप उघडला, ते साधलेलं वाक्य वाचलं, आणि पहिल्यांदा ते त्यांना जरा टोचलं. आभारी असतो, असं लिहिलं होतं. मग, होत्याच की आभारी! दोन वर्षांमागे आत्मारामांच्या छातीत कळ आली तेव्हा लिफ्टचं काम चाललं होतं. जितूभाऊने आणि वॉचमनने त्यांना खुर्चीत बसवून तीन जिने खाली नेलं, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उलट्या बाजूने गाडी घातली, शिव्या खाल्ल्या, आणि आयसीयूच्या बाहेर सकाळपर्यंत तो बाईंच्या शेजारी बसून राहिला. मधेच उठून त्याने कुठूनतरी त्यांच्यासाठी इडली आणली होती. त्या इडलीची चव बाईंना अजून आठवे. आठवे आणि मन मऊ होई. अशा माणसासमोर उभं राहायचं म्हणजे काय, कृतघ्नपणाच की. पण मग दुसरं मन म्हणे, अगं बये, नेमकं हेच तर तू पानंच्या पानं भरून लिहिलंयस. ते दूरच्या देशातल्या माणसांबद्दल लिहायला सोपं होतं. त्यांनी तुझ्या नवऱ्याला खुर्चीत बसवून जिना उतरवला नव्हता.

आणि ते पहिलं नाव. परळच्या खोलीतून दोघं इथे आली तेव्हा शांती नगरात अजून वाळूचे ढीग होते, आणि बिल्डरच्या पत्र्याच्या ऑफिसात बसून त्यांनी कागद केले होते. कर्ज बाईंच्या पगारावर निघालं होतं, कारण आत्मारामांची कंपनी तेव्हा डळमळत होती. तरीही कारकुनाने "साहेबांचं नाव पहिलं ना?" असं विचारलं आणि सुगंधाबाई, त्याच वर्षी स्त्रियांच्या राजकीय सहभागावर निबंध लिहून बक्षीस मिळवलेल्या सुगंधाबाई, "हो हो, त्यांचंच" म्हणून मोकळ्या झाल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. लग्नपत्रिकेवर, दारावरच्या पाटीवर, रेशनकार्डावर जसं असतं तसंच. त्या दिवशी दोघांनी स्टेशनबाहेर उसाचा रस प्यायला होता आणि बाईंचा ऊर नुसता भरून आला होता, की आपलं घर झालं. आता त्या खुर्चीत बसून स्वतःशीच हसल्या. हसू कडूच होतं. पण खोटं का बोला, त्यात थोडी मजाही वाटत होती त्यांना. बीजभाषणात घालावं असा दाखला घरातच पडून होता, आणि त्या परदेशातले धुंडाळत होत्या.

बाईंचं माहेर इथून फार लांब नव्हे. उत्तनच्या पट्ट्यातलं तारोडी, पुढे समुद्र आणि मागे भाजीच्या वाड्या. तिथे ग्रामपंचायतीची निवडणूक आली की देवळापुढे गाव बसे, आणि कोण उभा राहणार ते तिथेच ठरे. एका वर्षी बाईंच्या वडिलांनी, दाजींनी, गावाला न विचारता अर्ज भरला. कशासाठी भरला कोण जाणे. विहिरीच्या पाण्यावरून काहीतरी मनात होतं. संध्याकाळी पंच घरी आले, ओटीवर बसले, आणि त्यातला म्हातारा म्हणाला, "दाजी, तू आपला मानूस हाय. पन गावान भांडन नको. काढ अर्ज." दाजी बराच वेळ जमिनीकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरा." दुसऱ्या दिवशी देवळापुढे गावाने त्यांच्या हातात नारळ दिला, खांद्यावर उपरणं टाकलं, आणि दाजी छाती काढून घरी आले. लहानगी सुगंधा त्यांच्यापुढे नाचत होती. पुढे म्हातारे होईस्तोवर ते आल्यागेल्याला सांगत, "माज्यामुलं गावान तंटा न्हाय झाला." तिलाही तो अभिमान वाटे. बाप म्हणजे मोठा माणूस, गावासाठी मागे सरलेला. मग ती शिकली, पुस्तकं वाचली, आणि एक दिवस एमएच्या वर्गात बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं, की विहिरीच्या पाण्याबद्दल दाजींच्या मनात काय होतं ते कुणालाच कधी कळलं नाही. त्यांनाही नंतर आठवेनासं झालं. हे तिने दाजींना कधी सांगितलं नाही. कशाला सांगायचं? तो नारळ त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान होता, आणि ते होतेच मोठे, त्यात शंका नाही. पण आज टीपॉयवर चिवड्याच्या बशीशेजारी तसलाच मान ठेवून जितूभाऊ गेला होता आणि बाईंना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी त्या कोथिंबीर आणायच्या निमित्ताने खाली उतरल्या. खरं तर घरातली ती पेपराची सळसळ त्यांना सोसवत नव्हती. तळमजल्यावरच्या विमलाबाई दारातच मटार सोलत बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून घर त्यांच्या नावावर, मुलगा दुबईला. बाईंना बघताच त्यांनी हाक मारली. "अगं ए सुगंधा, खरंच मतदान होणार का गं? का तो ऑफिसातला पोऱ्या, नीरज, म्हणतोय तसं, तू काढून घेणार?" बाई म्हणाल्या, "ठरलं नाही अजून. का हो?" विमलाबाईंनी मटाराची शेंग तशीच हातात धरली. "नाही, म्हणजे… मला कुणी कधी विचारलंच नाही ना. ते जितू येतो, म्हणतो आजी सही करा, मी करते. चांगला आहे बिचारा, सिलिंडरसुद्धा गेटपासून आत आणून देतो. पण म्हटलं मतदान झालं तर ती जांभळी साडी काढीन. पडूनच आहे." मग एकदम डोळे बारीक करून म्हणाल्या, "पण तुला देईनच असं नाही हां! आधीच सांगते. तू कधी दोन मिनिटं बसत नाहीस माझ्याकडे." सुगंधाबाई आधी चपापल्या आणि मग अशा हसल्या की समोरच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला. "नका देऊ," त्या म्हणाल्या, "अजिबात नका देऊ, पण साडी काढा." कोथिंबीर घ्यायची राहिलीच. जिना चढताना त्यांना धाप लागली, पण छातीत काहीतरी फुलत चाललं होतं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना इतक्या स्पष्टपणे नाही म्हटलं नव्हतं. आणि ते ऐकून एवढं बरं वाटावं, हे त्यांना कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

घरात आल्यावर त्या आत्मारामांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "मी अर्ज काढणार नाही. आणि मनालीची जागाही घेणार नाही. हरायचं तर हरेन, पण मोजून हरेन. आता तुमची संमती काढायची असेल तर काढा, मी अडवणार नाही." आत्मारामांनी पेपराची घडी घातली. चष्मा काढला. या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, पण त्यांच्या गप्प राहण्याचं वजन घरभर असे. "लोकांना तोंड कसं दाखवायचं मी?" ते म्हणाले. "जितूने मला उचलून नेलंय, सुगंधा. तुला कळतंय का? मी त्याच्या हातावर होतो." "कळतंय," बाई म्हणाल्या. "म्हणूनच अवघड आहे हो. तो चोर असता तर काय कठीण होतं?" घड्याळात पाच होत आले. खालून कुणाची तरी स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. शेवटी आत्माराम म्हणाले, "संमती काढणार नाही. एकदा दिली ती दिली. मी तसला नाही." मग खिडकीकडे बघत, "पण माझं मत मी मला वाटेल तसं देईन." "हो तर," बाई म्हणाल्या. हे म्हणताना आत कुठेतरी किंचित धसका बसला होता, पण मान ताठच होती.

रविवारी गच्चीवरचं जेवण रद्द झालं, आणि खाली सोसायटीच्या ऑफिसात कुणाच्या तरी घरची फुलाफुलांची चादर दोरीवर टाकून आडोसा केला गेला. नऊ नावं, आठ शिक्के, म्हणजे प्रत्येकाने आत जाऊन कुणातरी एकाला वगळायचं. सुगंधाबाईंना उमेदवार म्हणून बसायला कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची मिळाली होती. पण त्या आधी वर गॅलरीत गेल्या आणि तिथून त्यांनी खाली पाहिलं. रांग लागली होती! आपल्या इमारतीत, गेटपासून पंपरूमपर्यंत, रांग. इस्त्रीचे शर्ट, कडक पायजमे, एक म्हातारे गृहस्थ तर कोट घालून आलेले, आणि जांभळ्या साडीत विमलाबाई सगळ्यांच्या पुढे, कोपराने जागा धरून. एरवी लिफ्टमध्ये मोबाइलमधून मान वर न करणारी ही माणसं एकमेकांना विचारत होती, "आपका नंबर आया?" "शिक्का किधर मारायचा?" "एकच सोडायचा ना?" कुणी हसत होतं, कुणी उगाच गंभीर. आत जाणारा प्रत्येक जण चादरीआड शिरताना क्षणभर थांबत होता आणि बाहेर येताना त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं असे, आपण काहीतरी केलंय आणि ते आपल्यालाच ठाऊक आहे असं. सुगंधाबाईंना वाटलं, मी हे केलं. गर्व होता तो, दुसरं काही नाही, आणि त्यांना त्याची जराही लाज वाटली नाही. दिल्लीतल्या टाळ्या आल्या होत्या, गेल्या होत्या. पुस्तकांवर धूळ बसली होती. पण ही रांग त्यांनी उभी केली होती, एका अर्जाने, स्वतःला मत नसताना. त्यांनी पदर सारखा केला आणि त्या खाली उतरल्या.

आत्माराम अकराच्या सुमाराला आले. पांढरा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. दारात जितूभाऊ उभा होता, त्याने वाकून "या काका" म्हटलं. कोपऱ्यात बायको बसली होती. आत्मारामांनी दोघांकडेही बघितलं नाही. मतपत्रिका घेतली आणि चादरीआड गेले, आणि बराच वेळ बाहेरच येईनात. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. सुगंधाबाईंना चादरीखालून त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. एकदा त्या चपला वळल्या, पुन्हा सरळ झाल्या. मग ते आले, घडी पेटीत टाकली, आणि कुणाशी न बोलता घरी निघून गेले.

संध्याकाळी मोजणी झाली. सुगंधाबाई पडल्या. थोडक्यात नाही, चांगल्या सणसणीत पडल्या. इमारतीने एकाला वगळायचं होतं, तर निम्म्याहून जास्त घरांनी त्यांनाच वगळलं. पण जितूभाऊ पहिला आला नाही, दुसराही नाही. तो आठांत पार खाली गेला होता, आणि फळ्यावरचे आकडे तो पुन्हा पुन्हा वाचत होता. मग तो बाईंपाशी आला. त्याचं हसू कुठेतरी हरवलं होतं. "इतके जण, मॅडम? मी प्रत्येकाच्या घरात जातो हो. प्रत्येकाच्या किचनपर्यंत." बाईंना त्याची कणव आली, खरंच आली. "तुम्ही चांगले आहात, जितूभाऊ," त्या म्हणाल्या. "ते सगळ्यांना माहीत आहे. आजही माहीत होतं." त्याने मान खाजवली. "मग बिल्डरच्या मीटिंगला आता सगळ्यांनाच बोलवावं लागणार म्हणायचं," असं स्वतःशीच पुटपुटला आणि खुर्च्या उचलायला लागला. सुगंधाबाईंनीही दोन खुर्च्या उचलल्या. हरलेल्या बाईला खुर्च्या उचलताना बघून विमलाबाई ओरडल्या, "अगं, ठेव त्या, आणि उद्या ये चहाला!"

घरी आत्मारामांनी स्वतः चहा टाकला होता, तोही आलं ठेचून. दोन कप घेऊन ते समोर बसले. बाईंनी काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं त्यांनी जिन्यातच पक्कं केलं होतं. पण आत्मारामांच्या तोंडाला चहा लागेना. शेवटी कप ठेवून ते म्हणाले, "मी तुला वगळलं." सुगंधाबाईंनी कप खाली ठेवला. "जितूला वगळायला हात होईना. बाकीच्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. आणि तू निवडून आली असतीस तर रोज खाली-वर, रोज भांडणं, तुझं बीपी… मला तू घरात हवी होतीस." लागलं. खोलवर लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात इतकं लागल्याचं बाईंना आठवत नव्हतं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. पण त्याच वेळी त्या समोरच्या माणसाकडे नव्यानेच बघत होत्या. दारात चेअरमन, कोपऱ्यात बायको, आणि हा भिडस्त माणूस त्या फुलाफुलांच्या चादरीआड इतका वेळ एकटा उभा राहून, कुणाचंही न ऐकता, आपल्याला पटलं तेच करून आला होता. हा आपला नवरा, असं त्यांना वाटलं, आणि त्या वाटण्यात रागाइतकाच अभिमान होता.

"रागावलीस?" आत्मारामांनी विचारलं.

"रागावले. दोन दिवस तरी बोलणार नाही तुमच्याशी," सुगंधाबाई म्हणाल्या. मग त्यांनी नाक ओढलं, पाठ सरळ केली, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढून म्हणाल्या, "पण एक लक्षात ठेवा, अहो. आपण कुणाला मत दिलं ते सांगायचं नसतं. बायकोलासुद्धा नाही."